माफ करणारी मी कोण?

2025 च्या पावसाळ्यात मी दोन महिने जालन्यात होते. पप्पांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि मॅनेजरने वर्क फ्रॉम होम मंजूर केलं होतं. दिवसभर लॅपटॉप, मधेमधे त्यांच्या गोळ्या. रात्री ते पलंगावर, मी खाली गादीवर, कानात इअरफोन.

एका रात्री त्यांना झोप येत नव्हती.

"काय बघायलीस गं?"

"पिक्चर."

"कशाचा?"

मी सांगितलं. एक मोठा बिझनेसमन आहे. एक नंबरचा लबाड. त्याला संपवायला लोक टपलेत, सहा वेळा विमान पडलं तरी मेलेला नाही. त्याला नऊ मुलगे आहेत. पण सगळा धंदा तो मुलीच्या नावावर करायचं ठरवतो. आणि मुलगी तर कितीतरी वर्षं त्याच्याशी बोललेलीही नाही.

पप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माणूस हुशार आहे." आणि कूस बदलता बदलता, "घेती का मग ती?"

"अजून अर्धाच झालाय," मी म्हटलं.

खरं तर आठच दिवसांपूर्वी त्यांनी मलाही तेच विचारलं होतं. दुकानाचं तू बघ, सगळे कागद तुझ्या हातात देतो. मी उत्तर दिलं नव्हतं. तसं आम्ही अडीच वर्षं नीट बोललोच नव्हतो.

हा लेख त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

बुटांचे खोके

पिक्चरचं नाव 'द फिनिशियन स्कीम'. दिग्दर्शक वेस अँडरसन. ज्यांनी त्याचे पिक्चर पाहिलेत त्यांना कळलंच असेल की सगळं कसं दिसत असणार. प्रत्येक फ्रेम मिठाईच्या डब्यासारखी रचलेली, सगळं अगदी मधोमध, रंग फिके आणि नेमके, माणसं चेहऱ्यावरची रेषही न हलवता भयंकर गोष्टी बोलतात. विमानात स्फोट होतो, माणूस मरतो, आणि आपल्याला हसू येतं.

गोष्ट 1950 सालची. झा-झा कोर्डा (बेनिसिओ देल तोरो) हा युरोपातला बडा उद्योगपती. त्याला एका काल्पनिक वाळवंटी देशात रेल्वे, धरण, कालवे असं काय काय उभं करायचंय. या योजनेचे कागद तो बुटांच्या खोक्यांमध्ये ठेवतो. त्याचे शत्रू बाजारात रिव्हेटचे भाव मुद्दाम चढवतात, त्यामुळे योजनेच्या पैशात मोठा खड्डा पडतो. तो भरून काढायला कोर्डा एकेका भागीदाराकडे जातो. कुणाला गंडवतो, कुणाला दमात घेतो, कुणापुढे रडतो. सोबत असते मुलगी लीझल (मिया थ्रेपलटन). तिला लहानपणीच कॉन्व्हेंटमध्ये टाकलेलं, आता ती नन व्हायच्या बेतात आहे. तिच्या आईला बापानेच मारलं अशी गावभर कुजबुज आहे. आणि अशा मुलीला हा माणूस वारस नेमतो. तेही प्रोबेशनवर.

गंमत म्हणजे या खोक्यांमागे खरी गोष्ट आहे. अँडरसनचे सासरे फुआद मालूफ हे लेबनीज इंजिनिअर आणि उद्योजक होते. आयुष्याच्या शेवटाकडे त्यांनी आपल्या मुलीला, म्हणजे अँडरसनच्या बायकोला, बुटांच्या खोक्यांमध्ये जपलेली कामाची सगळी कागदपत्रं उघडून दाखवली होती. पिक्चर त्यांनाच अर्पण केलाय.

आमच्याकडे खोके नाहीत. आमच्याकडे लाल कापडाच्या वह्या आहेत.

इथं आपली अडीच एकर होती

आमचं मोंढ्यात अडतीचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतकरी सोयाबीन, मका, तूर घेऊन येतो, अडत्या तो माल बोलीवर विकून देतो आणि त्यावर कमिशन घेतो. एवढंच असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण अडत्या उचलही देतो. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला. मग तो शेतकरी दुसऱ्या कुणाच्या गादीवर माल नेऊ शकत नाही. आणि उचल मोठी असेल तर अडत्या कागद करून घेतो.

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे प्रत्येकाने ऐकलेली असते. इथं सळईच्या भट्ट्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेली महिको इथलीच. पैसा आहे. पण पाळण्याच्या दोऱ्या कुणाच्या हातात असतात, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

2012-13 चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यात ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. मी तेव्हा दहावी-अकरावीत होते. मला आठवतं ते फक्त टँकर आणि बंद आंघोळी. त्या वर्षी एका शेतकऱ्याने बाग जगवायला, टँकरचं पाणी विकत घ्यायला पप्पांकडून एक लाख वीस हजार घेतले. तारण म्हणून अडीच एकराचं खरेदीखत करून दिलं. तोंडी बोलणं असं की पैसे फिटले की जमीन परत नावावर करून द्यायची. मराठवाड्यात हे नवीन नाही. कागदावर विक्री, तोंडावर कर्ज.

बाग वाळलीच. पैसे वेळेत फिटले नाहीत. दोन वर्षांनी तो थोडे पैसे घेऊन आला, पप्पांनी व्याजाचा हिशोब दाखवला. पुढच्या वर्षी परत आला. मग यायचा बंद झाला.

मग समृद्धी महामार्ग आला. जमिनीची मोजणी झाली, सातबारावर ज्याचं नाव त्याला मोबदला. बाजारभावाच्या कित्येक पट. सातबारावर पप्पांचं नाव होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला, तेव्हा आम्ही सगळे हौसेने गाडी काढून शिर्डीला निघालो. जालन्याच्या पुढे पप्पांनी काच खाली केली आणि बोट दाखवलं. "इथं आपली अडीच एकर होती."

मी हसत विचारलं, "आपण इथं कधी शेती केली?"

कुणीच काही बोललं नाही. भाऊ मोबाइलमध्ये होता. मम्मीने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. रात्री परत आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. भांडी घासत, माझ्याकडे न बघता.

मोबदला 2018 मध्ये आला होता. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तिसऱ्या वर्षाच्या फीचा शेवटचा हप्ता, पूर्ण चौथं वर्ष, आणि ज्यावर मी कोडिंग शिकले तो लॅपटॉप. त्या रात्री मी डोक्यात हिशोब केला आणि मग पप्पांशी बोलणं तोडलं.

हे आज लिहिताना दिसतं की त्यात एक सोय होती. बोलणं तोडायला काहीच खर्च नव्हता. पॅकेज माझ्या खात्यात जमा होतच होतं.

हक्कसोड

पप्पांनी दुकानाचं विचारलं तेव्हा माझं पहिलं उत्तर तयार होतं: मला नको. हक्कसोड करून देते.

हक्कसोड पत्र म्हणजे काय ते आपल्याकडच्या मुलींना सांगावं लागत नाही. भाऊ रजिस्ट्री ऑफिसला घेऊन जातो, बहीण सही करते, वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा सोडते, येताना सगळे हॉटेलात जेवतात. बदल्यात साडीचोळी आणि माहेरचं दार उघडं. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीने हक्क दिला, देशात 2005 च्या दुरुस्तीने दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने येतो, 2005 ला बाप जिवंत असो की नसो. कायदा इतका पुढे आलाय. आणि माझ्या मावशी, आत्या, दोन्ही चुलतबहिणी, सगळ्यांनी सह्या केल्यात.

त्यामुळे मला वाटलं, माझी सही वेगळी असेल. त्यांनी दबावाखाली सोडलं, मी तत्त्वासाठी सोडणार. हात स्वच्छ.

मग मी माझ्या एका वकील मैत्रिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू सोडलंस तर कुणाला मिळेल?"

भावाला. त्या शेतकऱ्याला नाही. भावाला, आणि वही कायमची बंद.

तिने अजून एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य होतं. बाप गेला तरी सावकार मुलाच्या मागे येऊ शकत असे. त्याला एक अपवादही होता: जुगार, दारू अशा अनैतिक कामासाठी काढलेलं कर्ज मुलावर बंधनकारक नव्हतं. ज्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वाटा दिला, त्याच दुरुस्तीत पुढे एक पोटकलम आहे. त्यानुसार फक्त धर्मकर्तव्य म्हणून बापाचं कर्ज मुलाकडून वसूल करायची वाट बंद झाली.

कायदा म्हणून हे बरोबरच आहे. मुलगा काही बापाचा जामीन नाही. पण एकाच कलमात हे दोन्ही वाचताना मला कसंतरी झालं. मालमत्तेचं दार सगळ्या मुलांना उघडलं आणि जुनं देणं मागत येणाऱ्याचं दार बंद झालं. आणि हे झालं बापाने स्वतः काढलेल्या कर्जाचं. बापाने दुसऱ्याचं जे खाल्लं, ते तर कुठल्या कायद्याच्या भाषेत 'कर्ज' सुद्धा नाही. आमच्या अडीच एकरावर रीतसर नोंदणी झालेलं खरेदीखत आहे. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवायला महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे, पण त्यासाठी हे कर्जच होतं असं दाखवावं लागतं. ज्याची तोंडी बोलणी मोंढ्यातल्या एका गादीवर झाली, तो काय दाखवणार?

दाखवू शकतात फक्त पप्पांच्या वह्या.

बग माझा नाही, पण ऑन-कॉल मी आहे

माझ्या कामात हे रोज होतं. मी जॉइन झाले तेव्हा मला एक जुनी सिस्टीम मिळाली. लिहिणारे सोडून गेलेले. त्यात एक चूक होती, काही ग्राहकांचं बिल थोडं जास्त लागत होतं. गिट ब्लेम चालवलं की कळायचं कुणी कधी ती ओळ लिहिली. माझं नाव कुठेच नव्हतं.

पण रात्री दोनला अलर्ट वाजायचा तो माझ्या फोनवर. तेव्हा 'मी लिहिलेलं नाही' हे खरं असूनही निरुपयोगी वाक्य असतं. दोष कुणाचा आणि दुरुस्ती कुणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या टीममध्ये हे नवख्या पोरालाही कळतं. मला घरी कळायला अडीच वर्षं लागली.

मी म्हणत होते, गुन्हा माझा नाही. बरोबर. म्हणून मी बाजूला होते. इथे चूक होती. कारण बाजूला होण्यासारखी मी उरलेच नव्हते. माझी डिग्री, माझी नोकरी, माझं पुणं, हे त्या अडीच एकराच्या अलीकडचं नाही, पलीकडचं आहे. वारसा घ्यायचा की नाही हा प्रश्न पप्पांनी मला 2025 मध्ये विचारला. घेऊन मात्र मी 2018 मध्येच बसले होते.

लीझलचंही तेच आहे. ती कॉन्व्हेंटमध्ये आहे, पण त्या कॉन्व्हेंटलाही पैसा लागतो, आणि तिथल्या मदर सुपिरिअरला कोर्डाच्या देणगीचं वावडं नाही. बाप तिची साधी जपमाळ काढून घेऊन रत्नं जडवलेली देतो. ती घेते. साधा पाइप जातो, रत्नजडित येतो. तोही ती ओढते. अँडरसन तिला संत करत नाही, हे मला फार आवडलं. ती मऊ होत जाते, ऐट तिला शोभतेही. तरी एका बाबतीत ती मागे हटत नाही. ती खोके उघडून विचारते. हे मजूर कोण? यांना पैसे का नाहीत? दुष्काळ पाडायचा म्हणजे काय? वेठबिगार चालणार नाही. असं असेल तर मी जाते.

म्हणजे ती वारसा नाकारत नाही आणि डोळे मिटून घेतही नाही. ती ऑडिट करते. आणि प्रोबेशनवर ती आहे असं वाटता वाटता लक्षात येतं की प्रोबेशनवर बाप आहे.

जे पिक्चरमध्ये नाहीत

इथे मला स्वतःवर एक संशय घ्यावा लागतो. 'मी आत राहून बदल करीन' हे प्रत्येक श्रीमंताच्या मुलाचं आवडतं वाक्य आहे. मग ते आत राहतात, बदल राहून जातो. ऑडिट करते म्हणणारी मी आणि सरळ गल्ल्यावर जाऊन बसणारा वारस, यांत फरक कशाने ओळखायचा?

पिक्चरने दिलेली खूण साधी आहे: खर्च किती आला? शेवटी कोर्डा तो खड्डा भरतो तो स्वतःची सगळी संपत्ती घालून. योजना उभी राहते, हा कफल्लक होतो. शेवटच्या दृश्यात सगळं कुटुंब एक छोटं हॉटेल चालवतंय, कोर्डा भांडी घासतोय. काम आटपल्यावर बापलेक पत्ते खेळत बसतात. मला रडू आलं. मग लाज वाटली.

लाज वाटली कारण मी ज्यांच्यासाठी रडायला हवं होतं, ते पिक्चरमध्ये नाहीतच. ते मजूर, ज्यांच्या वेठीवर योजना उभी राहणार होती. ते लोक, ज्यांच्यावर दुष्काळ आणायचा बेत होता. त्यांचा एक चेहरा आपल्याला आठवत नाही. मरणाच्या दारात कोर्डाला परलोकाची दृश्यं दिसतात, काळ्यापांढऱ्या रंगात, तिथे त्याचा न्याय चाललेला असतो, देवाच्या भूमिकेत बिल मरे. तिथेही फिर्यादीच्या पिंजऱ्यात ती माणसं नसतात. सगळा हिशोब बाप, लेक आणि देव यांच्यात मिटतो.

1925 मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' नावाचा मूकपट केला होता. ना. ह. आपट्यांची कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. 1936 मध्ये त्याचा बोलपटही झाला. त्याबद्दल वाचताना माझ्या मनात आलं, ती गोष्ट झोपडीच्या आतून पाहिलेली आहे. त्या सावकाराला एखादी मुलगी असेल का? ती शाळेत जात असेल, तिला नवी पाटी मिळाली असेल. तिला कुणी दाखवत नाही, आणि दाखवायचं कारणही नाही. जिथे जमीन चाललीय तिथे कॅमेरा सावकाराच्या मुलीकडे का वळवायचा?

आणि 'द फिनिशियन स्कीम' सगळा त्या मुलीच्या बाजूने आहे. म्हणून तो कॉमेडी होऊ शकतो. वाड्याच्या आतून पाहिलं की सावकार हा विक्षिप्त, एकटा, प्रेमाला आसुसलेला म्हातारा असतो. हेही खोटं नाही. माझे पप्पा मला शाळेत सोडायला रोज सायकलवरून यायचे आणि पाऊस आला की स्वतःचा रेनकोट मला घालायचे. पण ज्याच्या वाट्याला हे पप्पा आले नाहीत, खरेदीखत आलं, त्याच्यासाठी ती सायकल पुरावा नाही.

आपल्या पिढीला बापाशी समेटाच्या गोष्टी फार आवडतात. रीलवर पाच सेकंदांत डोळे भरून येतात. बाप बदलला, बापाने मिठी मारली, माफ केलं. थेरपीची भाषाही आपल्याला येते: राग सोडून द्या, स्वतःसाठी माफ करा. माझ्या रागाबद्दल ते ठीकच आहे. पप्पांनी माझ्यापासून गोष्ट लपवली, त्याबद्दल मी त्यांना माफ करू शकते. केलंही आहे बहुतेक.

पण अडीच एकराबद्दल माफ करणारी मी कोण? ती माझी गेली नव्हती. उलट मला मिळाली होती. ज्याला फायदा झाला त्याने माफी देऊन टाकावी, यापेक्षा स्वस्त सौदा मोंढ्यात होत नाही. मी पप्पांना 'जाऊ दे, झालं ते झालं' म्हटलं असतं तर आमच्या घरात शांतता आली असती. मम्मीला तेच हवं होतं. "त्यांचं हृदय नाजूक झालंय, आता उकरू नको," ती दोनदा म्हणाली. मला तिचं पटतही होतं. आजाऱ्याला छळून कुठलं तत्त्व सिद्ध करायचं?

तरी मला वाटतं, पप्पांनी भावाला सोडून मला विचारलं त्याचं कारण हेच होतं. धंद्यात डोकं चालतं म्हणून नव्हे. अडीच वर्षं मी का बोलत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. कोर्डाला नऊ मुलगे होते, ते काहीच विचारत नसत. मरणाच्या जवळ जाऊन आलेल्या माणसाला विचारणारं कुणीतरी लागत असावं. माझ्या माफीवर ते भागवायला तयार असतील, पण ती पुरणार नाही हे कदाचित त्यांनाही कळत असेल.

खतावणी

पिक्चर संपवायला मला अजून दोन रात्री लागल्या. सकाळी चहा देताना मी सांगितलं, "घेती ती. पण आधी सगळे खोके उघडायला लावती."

पप्पांनी बशीत चहा ओतला. "आणि मग?"

"मग बापाला सगळं भरून द्यावं लागतं. शेवटी भांडी घासतो."

"हसायचा पिक्चर म्हणलीस ना?"

"हसायचाच आहे."

त्या दिवशी मी विचारलं, 2012 पासूनच्या खतावण्या कुठे आहेत? त्यांनी लगेच दिल्या नाहीत. आधी म्हणाले, जुन्या वह्या उंदराने खाल्ल्या. मग म्हणाले, तुला त्यातली मोडी-बिडी कळायची नाही, जी त्यांनाही येत नाही. मग म्हणाले, सगळेच अडते तसं करायचे, आणि मी पैसा दिला नसता तर त्याला दुसऱ्या कुणी दिला नसता. यात तथ्य आहे. बँकेने त्या वर्षी त्या माणसाला दारात उभं केलं नव्हतं. पप्पांनी दिलं. पण अडचणीत मदत केली याचा हिशोब एक लाख वीस हजार आणि रास्त व्याज इतकाच होतो. अडीच एकर होत नाही, आणि महामार्गाचा मोबदला तर नाहीच नाही. हे मी शांतपणे म्हटलं असं मला आठवतं. मम्मी म्हणते, मी ओरडत होते.

चार दिवसांनी वह्या माझ्या टेबलावर होत्या. धुळीसकट.

मी एक एक्सेल शीट केलं. नाव, तारीख, उचल, परतफेड, कागद, सध्या काय. कागद करून घेतलेली अकरा नावं निघाली. त्यातल्या आठ जणांना जमीन परत गेलेली आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाचून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच स्वतःवर चिडले. तीन राहिली. दोन लहान आहेत. तिसरं हे.

शेवटचा कॉलम मी 'देणं' असा ठेवला आणि रिकामा सोडला. आकडा मी टाकायचा नाही असं ठरवलं होतं. पप्पांनी चष्मा लावला, मोबाइलवर गुणाकार केले, आणि एक रक्कम टाकली. ती फार कमी होती. मी तसं म्हटलं. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खोडून दुसरी टाकली, ती पण कमी होती, पण त्यात पहिल्यांदाच मोबदल्याचा वाटा धरलेला होता. त्यावर आमचं भांडण अजून चालू आहे. भावाला कळल्यापासून तोही भांडतो, त्याच्या मते आम्ही दोघं वेडे आहोत. पैसे काढायचे तर एक प्लॉट विकावा लागेल, तो प्लॉट भावाच्या लग्नानंतरच्या घरासाठी ठेवलेला होता. माझी बचत त्यात घालायची असं मी म्हटलंय. म्हणणं सोपं होतं. रात्री मी ॲपमध्ये बॅलन्स बघते आणि पुण्यातला टू बीएचके डोळ्यापुढे येतो.

मी हे लिहितेय ते पप्पांना माहीत आहे. नाव टाकू नको एवढंच ते म्हणाले. नंतर म्हणाले, "त्याचं पण टाकू नको. त्याला विचारलेलं नाही आपण."

त्याला आम्ही अजून काहीच विचारलेलं नाही, खरं आहे. तो आता दुसऱ्याच्या वावरात सालाने आहे असं कळलं. तो पैसे घेईल की हाकलून देईल, जमिनीचं काय म्हणेल, पप्पांना दारात उभं करील का, मला काही अंदाज नाही. मला भीती वाटते की तो फार चांगुलपणाने वागेल, आणि आम्ही तेवढ्यावरच सुटलो असं समजून परत येऊ.

या रविवारी जायचं ठरलंय. पप्पांनी काल विचारलं, "सोबत काय घ्यायचं? मोसंबी घेऊ का डझनभर?"

मी म्हटलं, "वही घ्या."